भरल्या ओटीने धावणारी

वहिनी,

तुझे कॅनव्हासचे बूट अजून मोरीच्या खिडकीला टांगलेले आहेत, नाडीने गजाला बांधून. ताप चढायच्या आदल्या दिवशी तूच धुऊन टांगलेस. बाकी तुझ्या साड्या, फणी, पावडरचा डबा, सगळं आईने आवरून कपाटात ठेवलं, पण बुटांना कोणी हात लावला नाही. दादा रोज दाढी करताना त्यांच्याकडे बघतो. परवा शेजारच्या कदमबाई म्हणाल्या, "अगं शैला, वाळले असतील ना ते एव्हाना?" मी म्हटलं, "हो, वाळलेत." आणि तसेच राहू दिले.

साधी कावीळ म्हणून तुला हॉस्पिटलात नेलं होतं. चार-पाच दिवसांत घरी येशील असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तू तर खाटेवर पडल्या पडल्या मला दम दिलास, "माझ्यापायी सराव सोडू नको हां. जरा बरां वाटलां काय मी मागसून येतंय." सात वर्षं मुलुंडात राहून तुझी बोली आमच्यासारखी झाली होती, पण धाप लागली की तुझ्या तोंडून मालवणीच यायची. रस्त्यावर मला त्यावरूनच कळायचं की आता वेग कमी करायला हवा. त्या दिवशी तू नुसती पडून होतीस आणि तरी मालवणीत बोललीस. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तेरावं झालं. आज त्यानंतरचा पहिला रविवार. पुढच्या रविवारी शर्यत आहे. आणि आज सकाळी मोरीत तोंड धुताना एकदम लक्षात आलं. आग्रा रोडवरच्या आपल्या तीन घरांना तू गेल्याचं कोणी कळवलंच नव्हतं. नातेवाइकांना तारा गेल्या, गावी माणूस गेला, पण भांडुपच्या सावंतकाकू, विक्रोळीची शांताबाई आणि घाटकोपरची तारामावशी ही आपली रविवारची माणसं. त्यांच्याकडे फोन नाही, दादाला त्यांचा धड पत्ता माहीत नाही. मी आज गेले नसते तर पुढच्या रविवारी त्या रस्त्याच्या कडेला तुझी वाट बघत उभ्या राहिल्या असत्या. तू गेल्यापासून मी धावले नव्हते. बूट घातले आणि निघाले. आईने दार उघडून धरलं.

तुला हसू येईल, पण पहिला अर्धा रस्ता मी सवयीने डावीकडे जागा सोडून धावत होते.

आठवतं का गं, तू या भानगडीत पडलीस कशी? शाळेत मी पळण्यात पहिली यायची. मग एक दिवस आई म्हणाली, आता मोठी झालीस, पुरे झालं. मी ऐकलं. मॅट्रिक झाले, टेलिफोन एक्स्चेंजात लागले, दिवसभर कानाला हेडफोन आणि पुढ्यात दिवे. मग नाक्यावरच्या मंडळाच्या फळ्यावर वाचलं, लांब पल्ल्याची शर्यत, मुलुंड चेकनाका ते कुर्ला आणि परत, महिलांनाही प्रवेश. ठरलेल्या वेळेत येईल त्या प्रत्येकाला प्रमाणपत्र. मला तो कागद हवा होता. पळण्यासाठी म्हणून माझं नाव कुठेतरी लिहिलं जावं, एवढंच. आई म्हणाली, "पहाटे रस्त्यावर एकटी? मुळीच नाही. वहिनीला सोबत ने."

म्हणजे तू आलीस ती राखणदार म्हणून. साडी, स्लीपर आणि हातात भाजीची पिशवी, कारण येता येता मेथी घ्यायची होती. मी पुढे पळायची आणि तू मागून चालत यायचीस. "तू हो पुढे, मी येते." मला तुझा राग यायचा, कारण थोड्या थोड्या वेळाने थांबून तू दिसतेस का ते बघावं लागायचं. मग एक दिवस वळून बघते तर तू हाकेच्या अंतरावर! निऱ्या खोचलेल्या, स्लीपर पिशवीत, अनवाणी पळत होतीस. मी ओरडले, "अगं वहिनी, काय हे!" तू म्हणालीस, "तू पुढे जातंस आणि माका एकटीक भ्यां वाटता." थाप होती ती. नंतर कबूल केलंस की लहानपणी शाळेला जायला खाडीवर तर होती, ती होडी चुकली की दिवस बुडाला, म्हणून तू घरापासून धक्क्यापर्यंत रोज पळायचीस. लग्नानंतर पळायचं काही कारणच उरलं नव्हतं, म्हणालीस.

साडीत पळून कसं चालेल? आणि सुनेने पंजाबी ड्रेस घातलेला आईला कसा चालेल? त्यातून सावंतकाकूंचं घर सापडलं. भांडुपला रस्त्यालगतच त्यांची खोली, त्या तुझ्या माहेरच्या वाडीतल्या. तू घरून साडीत निघायचीस, चालत भांडुप गाठायचीस, सावंतकाकूंकडे कपडे बदलायचीस, आणि परत येताना पुन्हा साडी नेसून सुनेसारखी घरात शिरायचीस. हे शेवटपर्यंत चाललं. आईला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. सावंतकाकूंच्या दोरीवर आपल्या घरातली साडी कशी, हे तिला बाजारातून येताना दिसलं होतं. ती बोलली नाही, तूही बोलली नाहीस, आणि मी मधल्या मधे दोघींना फसवल्याच्या आनंदात होते.

बूट घेतलेस, पण जोडवी काढली नाहीस. मी डोकं फोडून सांगितलं, बोटं सोलवटतील. तू जुन्या धोतराची चिंधी जोडव्यांभोवती गुंडाळायचीस आणि वर मोजे चढवायचीस. पहिल्याच रविवारी मोजा लाल झाला. दुसऱ्या रविवारी जरा कमी. मग तिथली कातडीच निबर झाली.

शांताबाई तर तू रस्त्यावरून उचललीस. विक्रोळीला सार्वजनिक नळावर हंडा भरत होती, आपल्याला धावताना बघून ओरडली, "गं पोरींनो, कोण मागे लागलंय काय? थांबा, मी बघते त्याला!" हंडा सोडून खरंच रस्त्यात येऊन उभी राहिली. मी लाजून मेले. तू थांबलीस, तिला सगळं समजावलंस, तिच्या भांड्यातून पाणी प्यायलीस, आणि पुढच्या रविवारपासून ती लिंबू-मीठ घातलेल्या पाण्याचे दोन पेले घेऊन तयार. तिचा नवरा गेलेला, त्यामुळे हळदकुंकवाचा प्रश्न नाही, नुसतं पाणी. चार पावलं आपल्याबरोबर पळून पेले परत घ्यायची. वेळ म्हणून जायचा नाही. म्हणून ते माझं सगळ्यात आवडतं घर होतं, हे तुला मी कधी लपवलं नाही.

आणि तारामावशी, तुझी मानलेली मावशी. तिचं घर घाटकोपरला, भटवाडीत, चढावर. तिथून आपण मागे वळायचो. नुसतं पाणी देणं मावशीला जमायचंच नाही. आधी गूळ, मग पाणी, मग चहा, मग "आता इलासाच हां तर दोन घावणे घालतंय." मी दाराबाहेर दादाचं घड्याळ बघत उभी. तू आत ऐसपैस मांडी घालून. निघताना मावशी तुला हळदकुंकू लावायची. एकदा तर मार्गशीर्षातला गुरुवार मागेपुढे असावा, तिने तुझी ओटीच भरली. तांदूळ, खण, नारळ. परत येताना तू ओढणीची झोळी करून नारळ कमरेला बांधलास आणि काकूंच्या दारापर्यंत धावत आलीस. भांडुपच्या रिक्षावाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"नाही म्हणायला काय होतं तुला?" मी विचारलं होतं.

"भरलेली ओटी कोणी परत करतं का?" तू म्हणालीस आणि विषय बदललास.

का परत करत नाहीस ते मला ठाऊक होतं, वहिनी. आपल्या घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. लग्नाला वर्षं होत चालली आणि पाळणा हलला नव्हता. आईचे उपास चालू होते, तुझेही. कोणीतरी आईच्या डोक्यात भरवलं की धावल्याने पोटात गर्भ धरत नाही. तेव्हा तू दीड-दोन महिने घरी बसलीस. मी एकटी जायला लागले, आई आता सोबतीचं नाव काढेना. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिला खुशाल धावू द्या, हिच्या तब्येतीला चांगलंच आहे, आणि तू पुन्हा बूट घातलेस. पण आपण दोघी यावर कधी बोललो नाही. इतका रस्ता बरोबर तुडवला, शेजारपाजारच्या सगळ्यांची उणीदुणी काढली, माझ्यासाठी आलेल्या स्थळांची टर उडवली, आणि हे मात्र बाजूला राहिलं. मी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस का? माझ्यात विचारायची हिंमत नव्हती. लहान होते मी तुझ्याहून, आणि घरात तुझी नणंद होते.

मग गेल्या वर्षीची शर्यत. अजूनही आठवलं की माझं डोकं तापतं, तू गेलीस तरी.

तू आठवडाभर आधी तिन्ही घरी सांगून आली होतीस, रविवारी आम्ही शर्यतीत येणार. तुला वाटलं, रस्त्यावर उभ्या राहतील, हात हलवतील. त्या दिवशी ड्रेस तू साडीखालीच घालून निघाली होतीस. भांडुपला पोचलो तर सावंतकाकू रस्त्याच्या कडेला पाट मांडून! पाटाभोवती रांगोळी. हातात तबक, निरांजन वाऱ्याने विझतंय, पदराने झाकून धरलेलं. "सुनंदा, बस. एवढ्या मोठ्या कामाला निघालीस, रित्या हाताने कशी जाशील?" मागून येणारे पुरुष धावक आपल्याला वळसा घालून जात होते. मंडळाचा एक कार्यकर्ता शिट्टी फुंकत आला, "ताई, रस्ता मोकळा ठेवा!" आणि तू पाटावर बसलीस. पूर्वेकडे तोंड करून, नीट, दोन्ही हातांनी ओढणी पसरून.

"वहिनी, उठ! वाट लागली आपली!" मी किंचाळत होते.

"झालं गं, झालं. कुंकू तरी लावू दे त्यांना."

विक्रोळीला शांताबाईने पळता पळता पाणी दिलं. मी म्हटलं, बघ, असं असतं. मग घाटकोपर. तिथे दुसरा पाट. मावशी भटवाडीचा चढ उतरून मोठ्या रस्त्यावर आली होती, गुडघे दुखत असताना, आणि बरोबर चाळीतल्या बायका. ओवाळणं झालं, ओटी झाली, त्यातल्या एका आजीबाईंनी तुझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. काय दिला ते मला ऐकू आलं. तुझी मान खाली होती. उठताना तुझ्या पोटरीत गोळा आला आणि मावशीला धरून तू उभी राहिलीस.

पुढे कुर्ल्यापर्यंत आणि तिथून परत मुलुंडपर्यंत तू दोन नारळ घेऊन धावलीस. ओढणीतून तांदूळ सांडत होते. परत येताना चिमण्या ते टिपत होत्या आणि तू म्हणालीस, "बघ, आपलाच माग आहे, चुकायची भीती नाही." मी बोलत नव्हते. कांजूरच्या पुढे तू म्हणालीस, "शैला, एक तू घे ना गं जरा." मी म्हटलं, "तुझी ओटी, तू वाहा." तू हसलीस आणि नारळ दुसऱ्या बाजूला सरकवलास. तू मला पुढे जायलाही सांगितलंस. दोनदा, तीनदा. "तू हो पुढे, मी मागसून येतंय." मी गेले नाही. का गेले नाही ते मला अजून नीट सांगता येत नाही. रागाने लाल झाले होते, पण तुला सोडून जाणं काही जमेना.

चेकनाक्यावर पोचलो तेव्हा टेबल उचलत होते. सतरंजीची गुंडाळी झालेली. एक तरुण कार्यकर्ता अदबीने म्हणाला, "ताई, वेळ संपली हो. पण तुम्ही पूर्ण केलीत, झकास केलंत." प्रमाणपत्रांचा गठ्ठा त्याच्या काखेत होता. मला दिसत होता.

मग दुकानाच्या बंद फळीसमोर, पायरीवर बसून आपण भांडलो. म्हणजे मी भांडले. पाट नसते तर आपण वेळेत आलो असतो, हे मी तुला बोटं मोजून पटवून दिलं. तू बूट काढून जोडव्यांवरच्या चिंध्या सोडवत होतीस. मग म्हणालीस, "तुझं बरोबर आहे गं. पण समज मी नको म्हटलं असतं, पाटावरून उठले असते, आणि पुढे काही झालंच नाही, तर मला जन्मभर वाटत राहिलं असतं ना, की तेव्हा नको म्हटलं म्हणून." एवढंच. इतक्या वर्षांत त्याबद्दल तू बोललीस ती ही दोन वाक्यं.

मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. "असं काही नसतं गं." इतकं फुसकं वाक्य. त्याऐवजी मी तुझा हात धरायला हवा होता, पण माझ्या हातात घड्याळ होतं.

त्या नारळांच्या तू वड्या केल्यास. मी दोन दिवस रुसून होते, पण वड्या खाल्ल्या. आणि भांडण काही मिटलं नाही. वर्षभर, कुठलाही विषय काढला तरी आपण त्या पाटावर येऊन पोचायचो. दादा म्हणायचा, "तुम्हा दोघींना कोर्टात उभं करायला हवं." या वर्षी सराव सुरू करताना मी तुझ्याकडून वचन घेतलं, थांबायचं नाही. तू गळ्याला चिमटा घेऊन "शप्पथ" म्हणालीस. माझा विश्वास बसला नव्हता, खरं सांगते.

अहेवपणी गेलीस म्हणून तुला हिरवी साडी नेसवली, हातभर हिरव्या बांगड्या. चाळीतल्या बायकांनी ओटी भरली. आई तुझ्या पायाशी बसली होती. तिने जोडव्यांखालची ती निबर कातडी बघितली, त्यावरून बोट फिरवलं, आणि मला विचारलं, "हे काय गं झालंय हिला?" मी सांगितलं, धावून धावून होतं तसं. आई म्हणाली, "मला बोलली नाही कधी. तेल लावून दिलं असतं." आणि मग जी रडायला लागली ती कोणाला आवरेना.

तर आज सकाळी. सावंतकाकू दारातच भेटल्या. माझ्या मागे बघत म्हणाल्या, "कपडे कधी बदलणार ती? मधले रविवार कुठे होतात?" दोरीवर तुझा निळा पंजाबी ड्रेस धुऊन वाळत घातलेला होता. मी सांगितलं. त्यांनी दाराची चौकट धरली. नंतर माझा हात धरून आत नेलं आणि पाणी दिलं. मी बसले. उठायची घाई केली नाही. मी निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, "आणि बघ, सुनंदा गेल्या महिन्यात येऊन सांगून गेली होती. काकू, या खेपेला पाट नको हां. नुसतं पाणी द्या, तेही पळता पळता."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "असं म्हणाली ती?"

"हो तर. मला जरा रागच आला होता तिचा," काकू म्हणाल्या.

विक्रोळीला शांताबाई नळावर दोन पेले घेऊन उभी. मला एकटीला बघूनच तिला कळलं असावं, कारण मी काही बोलायच्या आधी तिने दुसरा पेला नळाच्या कट्ट्यावर पालथा घातला. मग मी तोंड उघडलं. माझा पेला भरलेला होता तो मी प्यायले, आणि ती माझ्याबरोबर पळाली, नेहमीसारखी चार पावलं नाही, पार पुढच्या वळणापर्यंत, साडीचा काष्टा घट्ट करत. तिथे थांबून ओरडली, "रविवारी ये गं बाय! मी आहे!"

मग भटवाडीचा चढ चढले. तारामावशी उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. तिने माझा चेहरा बघितला आणि सूप बाजूला ठेवलं. मी सांगून टाकलं, उभ्या उभ्याच. तिने पदराने हात पुसले. मग म्हणाली, "माका कोणी सांगूक नाय गो. मी इलंय असतंय. तिची ओटी कोणी भरल्यान?"

मी म्हटलं, चाळीतल्या बायकांनी. आईने.

"माझ्या हातची रवली," मावशी म्हणाली.

आज मी तिच्या घरात मांडी घालून बसले, वहिनी. गूळ खाल्ला, पाणी प्यायले, चहा घेतला. घावणे घातले तेही खाल्ले. तू बसायचीस त्याच जागी बसले होते, भिंतीला टेकून. तिथून मावशीची चूल दिसते आणि खिडकीतून खाली सगळा रस्ता दिसतो. मी दारात उभी राहून घड्याळ बघायची तेव्हा तू काय बघत होतीस, ते आज दिसलं. निघायचं मनात येईना. तू असतीस तर म्हणाली असतीस, काय वन्सं, आज उशीर होत नाही वाटतं?

उठले तेव्हा मावशी आत गेली आणि देवाजवळचा नारळ घेऊन आली. म्हणाली, तू तिच्याकडेही येऊन गेली होतीस, पाट नको सांगायला. मावशीने कारण विचारलं तर तू म्हणाली होतीस, "शैलाक तिचो कागद गावाक व्हयो ह्या वर्षी. माझ्यापायी गेल्या वर्षी रवलो." तो कागद मला मिळावा म्हणून, वहिनी. मावशीने तुला सांगितलं होतं, पाट नाही तर नाही, मी नारळ घरी काढून ठेवते, शर्यत झाली की सावकाश येऊन घेऊन जा.

"ह्यो तिचो नारळ," मावशी म्हणाली. "आता तू घेवन जा."

माझं लग्न झालेलं नाही, ओटी माझी भरायची नव्हती. तिने भरलीही नाही. कुंकू लावलं, नारळ हातात दिला, आणि माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

म्हणजे तू ओटी सोडलीस. मी वर्षभर तुझं डोकं खाल्लं त्या कागदासाठी, म्हणून सोडलीस. की तुझी आशाच संपली होती आणि तू मला सांगितलं नाहीस? यातलं कुठलं खरं, हे विचारायला मी आता कुठे जाऊ? दोन्ही खरं असेल. मला एवढंच सांगायचंय की मला तो कागद तुझ्या ओटीपेक्षा मोठा नव्हता गं. कधीच नव्हता. मी फक्त तसं भांडत होते, कारण तुझ्याशी भांडायला मला आवडायचं. तू माझं भांडण मनावर घेशील असं वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी धावणार आहे. आईला सांगितलं, ती म्हणाली, जा. दादा चेकनाक्यावर येणार आहे. तू दोघींना सांगितलंस तसंच करायचं, पाट नाही, पाणी पळता पळता. वेळेत यायचं आहे मला, तुझ्या शब्दाखातर. पण नारळ घेऊन यायचं आहे. गेल्या वर्षी घेतला नाही तो.

आज मी सराव म्हणून तो ओढणीत बांधला, तू बांधायचीस तसा, आणि भटवाडीतून मुलुंडकडे धावत निघाले. वहिनी, एकच नारळ होता. दर पावलाला कमरेच्या हाडावर आपटत होता. डावीकडे घेतला तर ओढणी गळ्याला काचत होती, उजवीकडे घेतला तर पाऊल वाकडं पडत होतं. विक्रोळीच्या आधीच मला धाप लागली. कांजूरला मी चालायला लागले. आता घरी बसून हे लिहिते आहे तर कमरेवर काळंनिळं झालंय.

तू दोन घेऊन धावलीस. कुर्ल्याला जाऊन परत आलीस, आणि सगळा वेळ माझ्याशी बोलत होतीस. चिमण्या दाखवत होतीस. मी उत्तर देत नव्हते तरी बोलत होतीस. कशी गं धावलीस?